सहाव्या महिन्यातील बाळ आणि सकाळची घाई: नाचणी, केळे आणि एकच पातेले

सांगलीत आमच्या घरी सकाळी साडेसहा ते आठ या दीड तासात चार जणांची न्याहारी उरकावी लागते. पत्नीची पहिली पाळी असल्यामुळे ती सातला बाहेर पडते, थोरलीची शाळेची रिक्षा साडेसातला दारात उभी राहते, आईला गोळी घेण्याआधी पोटात काहीतरी हवे असते आणि मी दुपारच्या पाळीला जात असल्यामुळे ही सकाळ माझ्या वाट्याला आलेली आहे. गेल्या वर्षी धाकट्याला सहा महिने पूर्ण झाले आणि या घाईत पाचव्या वाटीची भर पडली.

थोरलीच्या वेळी आम्ही या वाटीसाठी वेगळा संसार मांडला होता. बाळासाठी एक शेगडी, एक मिक्सरचे भांडे, दुकानातून आणलेला सीरिअलचा डबा आणि उरलेले अन्न ठेवण्यासाठी फ्रीजमधला एक कप्पा, एवढा पसारा करूनही तिला काय द्यावे यावर घरात रोज वाद होत असे. धाकट्याच्या वेळी एकच नियम ठेवला: सर्वांची न्याहारी एकाच पातेल्यात शिजवायची आणि मीठ, साखर, गूळ किंवा फोडणी पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढायची. पुढे लिहिलेले सर्व काही हा नियम पाळताना शिकलेले आहे. बाळ कमी दिवसांचे असेल, जन्माच्या वेळी वजन कमी असेल किंवा ते वारंवार आजारी पडत असेल, तर मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला क्रमच पाळावा.

१. सुरुवात कधी करावी: मुहूर्त नव्हे, बाळ पाहावे

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की, पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर दूध चालू ठेवूनच वरचे अन्न सुरू करावे. या काळात पाणी, गुटी किंवा साखरपाणीही नको. आपल्याकडे मात्र चौथ्या महिन्यापासूनच "आता काहीतरी चाटवा की" असा आग्रह सुरू होतो, कारण बाळ आपल्या तोंडाकडे टक लावून पाहू लागलेले असते. ते त्याचे कुतूहल असते, केवळ त्यावरून त्याला भूक लागली आहे असे समजू नये.

तयारीची खूण तीन गोष्टींत दिसते. बाळ आधाराने नीट बसते आणि मान ताठ धरते, समोरची वस्तू हाताने पकडून तोंडात घालते, आणि चमचा ओठांना लावल्यावर जिभेने बाहेर ढकलण्याची त्याची सवय कमी झालेली असते. या तिन्ही गोष्टी साधारण सहाव्या महिन्याच्या शेवटी एकत्र येतात.

उष्टावणाचा मुहूर्त पाचव्या महिन्यात निघाला तर काय करावे, असे मला दोन मित्रांनी विचारले. आम्ही मामाच्या हस्ते चांदीच्या वाटीतील खिरीचे बोट बाळाच्या ओठाला लावून विधी केला आणि प्रत्यक्ष जेवण सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू केले. आजी समाधानी राहिली आणि बाळाचेही काही अडले नाही. एक गोष्ट मात्र विधीच्या नावाखालीही टाळावी, ती म्हणजे मध. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मध शुद्ध आहे की भेसळीचा, याच्याशी या धोक्याचा संबंध नाही. मधात उगाळलेली गुटीही याच कारणाने नको.

२. हाताशी काय असावे

- दोन छोट्या स्टीलच्या वाट्या आणि टोके बोथट असलेला लहान चमचा. दुधाची बाटली आणि बोंडले यांची गरज नाही. बोंडल्याने अन्न घशात ओतले जाते आणि पोट भरल्याचे सांगण्याची संधी बाळाला मिळत नाही. बाटलीतून पेज पाजणे तर सर्वस्वी टाळावे.
- पुरणयंत्र. बाळाचे अन्न मऊ करण्यासाठी मिक्सरपेक्षा ते उपयोगी पडते, कारण त्याच्या चाळण्या बदलून अन्न किती बारीक करायचे हे ठरवता येते आणि वाटीभर अन्नासाठी मिक्सर धुण्याचा व्याप वाचतो.
- जाड बुडाचे एक पातेले, मलमलीचा स्वच्छ तुकडा, घट्ट झाकणाचा डबा.
- बाळाला ताठ बसवता येईल अशी जागा. खुर्ची नसली तरी चालते, मोठ्या माणसाच्या मांडीत पाठ टेकवून बसवावे. आडवे झोपवून भरवू नये.
- माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात वजनाचा आलेख असतो आणि अन्न पुरते आहे की नाही याचा खरा निकाल त्या आलेखावर लागतो. "खातो चांगला" या समजुतीवर विसंबू नये.
- अंगणवाडीत नाव नोंदवण्यासाठी हेच कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आईचे आधार कार्ड. आमच्याकडे ही तीन कागदपत्रे मागितली होती. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो. शहरात राहणारे आणि पगारदार लोक तिकडे फिरकत नाहीत, पण दर महिन्याला वजन करून घेण्यासाठी तरी जावे.

३. धान्य: नाचणीपासून सुरुवात

तांदळाची पेज, रव्याची खीर, मुगाची खिचडी यांपैकी कशानेही सुरुवात करता येते. आम्ही नाचणी निवडली, कारण ती सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पाटण, जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरउतारांवर पिकते, ओळखीच्या माणसाकडून नवी नाचणी मिळते आणि तिच्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ किंवा गहू यांपैकी कोणीही या बाबतीत तिच्या जवळपास येत नाही.

नाचणीला मोड आणण्याचे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते टाळू नये. मोड येताना दाण्यात स्टार्च फोडणारी विकरे तयार होतात, त्यामुळे त्या पिठाची खीर शिजल्यावर फार दाटत नाही. साध्या पिठाची खीर चमच्यातून पडेल इतकी पातळ करायची तर पाणी वाढवावे लागते आणि बाळाच्या छोट्याशा पोटात पाणीच जास्त जाते. मोडाच्या पिठात तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसते. शिवाय धान्यातील लोह अडवून ठेवणारे फायटेट मोड आल्याने कमी होते.

आमची रीत अशी आहे. अर्धा किलो नाचणी रोळून घ्यावी, कारण तिच्यात बारीक खडे हमखास असतात. नंतर ती आठ ते दहा तास भिजवून, निथळून ओल्या फडक्यात बांधावी आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. सांगलीच्या उन्हाळ्यात एका दिवसात मोड डोकावतात, डिसेंबरात दीड ते दोन दिवस लागतात. मोड तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा झाला की थांबावे, जास्त वाढू दिल्यास पीठ कडवट लागते. मग सुती कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळवावे, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे आणि दळावे.

येथे तीन चुका होतात आणि तिन्ही आम्ही केल्या आहेत. पहिली चूक गिरणीची: आमच्या आधी कोणाचे तरी तिखट दळले गेले होते आणि त्याची चव आमच्या अर्धा किलो पिठात उतरली, ते पीठ शेवटी मोठ्यांच्या भाकरीत संपवावे लागले. नाचणी गिरणीत न्यायची असेल तर आधी काय दळले ते विचारावे, नाहीतर घरीच थोडे थोडे दळावे. दुसरी चूक ओल राहण्याची: वरून वाळलेला दाणा आत दमट असतो आणि डब्यात बुरशी धरतो. एखादा दाणा दाताखाली धरून कट्ट आवाज आला तरच तो भाजायला घ्यावा. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये, मे महिन्यातच करून ठेवावे आणि डबा फ्रीजमध्ये ठेवावा. तिसरी चूक गाळण्याची: नाचणीचे बरेचसे कॅल्शियम तिच्या सालीच्या थरात असते, त्यामुळे दुधासारखे पांढरे सत्त्व काढण्याच्या नादात तेच फेकले जाते. पहिले दोन-तीन आठवडे मलमलीतून चाळलेले पीठ द्यावे आणि बाळाला सवय झाली की साध्या चाळणीवर यावे.

खीर करताना एक मोठा चमचा पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, मग पातेले शेगडीवर ठेवून मंद आचेवर पाच ते सात मिनिटे सतत ढवळावे आणि शेवटी अर्धा छोटा चमचा तूप घालावे. चमचा तिरपा केल्यावर खीर पाण्यासारखी ओघळू नये, सावकाश घसरावी. पातळ पेज, वरणाचे पाणी, भाताचे निवळ हे प्रकार "पचायला हलके" म्हणून महिनोन्‌महिने दिले जातात, पण त्यांत पाण्यावाचून फारसे काही नसते. आजी लोकांशी वाद घालू नये, वरणाचे पाणी त्यांना प्यायला द्यावे आणि खालची डाळ बाळासाठी घोटून घ्यावी.

४. केळे: कोणते, किती पिकलेले आणि कशासोबत

केळ्याला शिजवण्याची, गाळण्याची आणि साखरेची गरज नसते, त्याला त्याचेच वेष्टन असते आणि ते बारा महिने मिळते. प्रवासात, लग्नाच्या कार्यालयात किंवा एस.टी. स्थानकावर बाळाला देता येण्याजोगे यापेक्षा निर्धोक अन्न मला माहीत नाही.

गाड्यावर बहुतेक लांब, जाड सालीची जी-नाईन जातीची केळी मिळतात. बाळासाठी मी छोटी वेलची केळी घेतो, कारण एका वेळेला एक केळे संपते. देशी, म्हणजे आमच्याकडे ज्यांना जवारी म्हणतात ती, कधी बाजारात दिसली तर घ्यावीत, पण त्यांतील काहींना बी असते, म्हणून कुस्करताना बोटाने तपासावे.

पिकण्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्धकच्च्या केळ्यात स्टार्च जास्त असतो, ते तुरट लागते आणि त्याने बाळाचे पोट घट्ट होऊ शकते. सालीवर तपकिरी ठिपके उमटले की स्टार्चची साखर झालेली असते आणि ते केळे चमच्याच्या पाठीने दाबताच मऊ होते. मोठी माणसे असे ठिपक्यांचे केळे बाजूला सारतात, बाळासाठी तेच उचलावे. डझनभर घ्यायची असतील तर एकाच फणीतील न घेता निम्मी पिवळी आणि निम्मी हिरवट घ्यावीत, म्हणजे आठवडाभर रोज एक तरी योग्य पिकलेले मिळते. लवकर पिकवायची असतील तर कागदात सफरचंदासोबत गुंडाळून ठेवावीत. फ्रीजमध्ये हिरवट केळी ठेवू नयेत, साल काळी पडते आणि आतले पिकणे थांबते.

फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूच्या खोलीत पिकवण्यास परवानगी आहे. साल एकसारखी लख्ख पिवळी असली म्हणून कार्बाइड वापरले असेलच असे नाही, इथिलीनमध्ये पिकवलेली केळीही तशीच दिसतात. सालीवर राखाडी भुकटी दिसली तर मात्र तो गाडा सोडून पुढे जावे. केळे सोलण्याआधी साल धुवावी आणि आपले हातही, कारण साल हाताळलेले तेच बोट पुढे कुस्करण्याला लागते.

बाळासाठी केळे देठापासून न सोलता मधोमध सालीसकट कापावे. अर्धे सोलून कुस्करावे आणि उरलेले सालीतच पालथे ठेवावे, म्हणजे ते काळे पडत नाही आणि थोरलीच्या वाटीत जाते.

"केळ्याने सर्दी होते" हे वाक्य आपण दिवसाला किमान एकदा ऐकाल. सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे होत नाही. "आई, मग दुपारच्या उन्हात देऊ का?" असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "उन्हाचं दे, पण संध्याकाळी नको." आम्ही सकाळची वेळ ठरवली आणि ती तडजोड दोघांनाही सोयीची निघाली. दूध आणि केळे एकत्र खाणे आयुर्वेदात विरुद्ध आहार मानले जाते आणि त्याच वेळी शिकरण हा आपल्या घराघरांतील लाडका पदार्थ आहे, हा घोळ मी सोडवू शकत नाही. ज्या घरात हे पथ्य पाळतात तेथे केळे पाण्यात शिजवलेल्या नाचणीच्या खिरीत कुस्करून द्यावे, तीही चवीला उत्तम लागते.

५. पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस सकाळी एकदाच, दोन ते तीन चमचे नाचणीची खीर. बाळाने तोंड वेडेवाकडे केले तरी ते नापसंतीचे चिन्ह मानू नये, ती केवळ नवी चव असते. चौथ्या दिवसापासून त्याच खिरीत चमचाभर कुस्करलेले केळे. नंतर दर दोन-तीन दिवसांनी एक नवा पदार्थ: मऊ वरण-भात, लाल भोपळा, गाजर, रवा, गोड दही. नवा पदार्थ नेहमी सकाळी द्यावा, म्हणजे अंगावर पित्त उठले, तोंड सुजले किंवा उलट्या झाल्या तर दवाखाने उघडे असतात. आमच्याकडे गव्हाला सातव्या महिन्यात आणि शेंगदाण्याच्या बारीक कुटाला, खिरीत मिसळून, आठव्या महिन्यात सुरुवात केली. ज्या बाळाला तीव्र स्वरूपाचा इसब आहे त्याच्या बाबतीत शेंगदाणा आणि अंडे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन ते तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा भरवावे, प्रमाण हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. येथे वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची, आमटीची छोटी वाटी नव्हे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, बाकीचे काम दूध करते. त्यामुळे चार चमच्यांनंतर बाळाने मान फिरवली तर थांबावे. मोबाईल दाखवून किंवा नाक धरून कोंबलेला पाचवा चमचा पुढचा महिनाभर महागात पडतो, हे थोरलीने आम्हाला शिकवले.

६. सर्वांची न्याहारी, बाळाची वाटी

आता मूळ नियमाकडे येतो. कोणत्या पदार्थात बाळाची वाटी कोणत्या क्षणी काढायची, हे ठरले की सकाळ सोपी होते.

उप्पीट: फोडणीत रवा परतण्याची नेहमीची पद्धत येथे उपयोगाची नाही. रवा कोरडा भाजून ठेवावा, पाण्यात गाजर-मटार मऊ शिजवून त्यात तो घालावा, बाळाची वाटी काढून पुरणयंत्रातून फिरवावी, आणि मग उरलेल्यात मीठ घालून वरून फोडणी द्यावी. वरून फोडणी दिलेल्या उप्पिटाला खरी चव येत नाही हे मला मान्य आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदाच हा त्याग केला जातो.

पोहे: कांदेपोह्यांसाठी भिजवलेल्या पोह्यांतील मूठभर पोहे वेगळे काढून कोमट पाण्यात आणखी दहा मिनिटे ठेवावेत, मऊ झाले की केळ्यासोबत किंवा गोड दह्यासोबत कुस्करावेत. शिजवण्याची गरज पडत नाही, मात्र पाणी उकळून कोमट केलेले असावे. पोहे हेही धान्याचे फ्लेक्सच आहेत, त्यांत तांदळापेक्षा लोह जास्त असते आणि ते दुकानातील फ्लेक्सच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात.

प्रसादाचा शिरा: रव्याबरोबर केळे तुपात परतण्याची ही आपली जुनी रीत बाळासाठीच शोधली असावी असे वाटते. रवा आणि केळे तुपावर परतून पाण्यात शिजवावे, बाळाची वाटी साखर घालण्याआधी काढावी. केळ्याची गोडी त्याला पुरते.

खपलीची खीर: कृष्णाकाठच्या गावांत खपली गव्हाची खीर केली जाते, सीमेकडील गावांत तिलाच हुग्गी म्हणतात. गहू रात्रभर भिजवून कुकरमध्ये अगदी मऊ करावा, गुळाआधी वाटी काढून चाळणीतून घोटावी. खपलीतही ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन असते, त्यामुळे बाळाला साधा गहू पचतो हे आधी पाहावे.

लाह्या: बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्या भागात ज्वारीच्या लाह्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. थोरलीला मी दूध, लाह्या आणि केळ्याच्या चकत्या देतो, कॉर्नफ्लेक्सची तिची मागणी त्यावर बहुतेक वेळा भागते. बाळाला अख्खी लाही मुळीच देऊ नये, तिचा टरफलाचा पापुद्रा घशाला चिकटतो. लाह्यांचे पीठ करून, चाळून खिरीत घालता येते.

गायीचे किंवा म्हशीचे दूध खिरीत शिजवण्यापुरते थोडे चालते, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाऐवजी प्यायला देऊ नये. मीठ वर्षाच्या आत नको, वरची साखर दोन वर्षांपर्यंत टाळावी. गूळ, खडीसाखर आणि खजुराचा पाक यांनाही साखरच समजावे. खजूर कुस्करून दिला तर ती वेगळी गोष्ट.

७. दुकानातील डबा घ्यायचाच असेल तर

घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. दोघेही नोकरीला, घरात तिसरे कोणी नाही, अशा घरात तयार सीरिअल उपयोगी पडते आणि त्यात बाहेरून लोह घातलेले असते ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र समोरचे चित्र न पाहता मागची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर डबा परत ठेवावा. बचतगटाचे नाचणी सत्त्व घेतानाही हेच करावे, कारण त्यातही पुष्कळदा पिठीसाखर आणि दूधपावडर असते, आणि पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का ते पाहावे. बाळांसाठीचे दुधाचे पर्याय, बाटल्या आणि शिशु अन्न यांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांखालील बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास बंदी आहे, म्हणून दुकानदाराने फुकट नमुना पुढे केला तर तो घेऊ नये.

मोठ्यांचे कॉर्नफ्लेक्स भिजवून बाळाला देणे हा सोपा वाटणारा आणि चुकीचा मार्ग आहे, त्यांत बहुधा मीठ आणि साखर दोन्ही असतात.

८. लोहाचा हिशेब

जन्मताना मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असते. केळे येथे कामाला येत नाही, त्यात १०० ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. नाचणी-केळे आवडले म्हणून तिन्ही वेळा तेच दिले, तर वजन वाढूनही बाळ फिकट दिसू लागते. म्हणून एक वेळ नाचणी-केळे आणि उरलेल्या वेळी डाळ, पालेभाजी, चालत असेल त्या घरात अंड्याचा बलक किंवा मटणाचे घोटलेले तुकडे द्यावेत. डाळभातावर लिंबाचे चार थेंब पिळावेत, क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अधिक शोषले जाते. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध १ मिलिलिटर दिले जाते, त्याविषयी आशाताईंना विचारावे. बशीतील चहात बुडवलेले बिस्किट मात्र लोहाचे शोषण कमी करते, आणि आमच्या भागात आठ महिन्यांच्या बाळांना ते सर्रास दिले जाते.

९. घशात अडकणे

तासगावचे बेदाणे आणि द्राक्षे आमच्याकडे पाहुणे किलोने आणतात आणि पहिला दाणा बाळाच्या हातावर ठेवतात. अख्खे द्राक्ष बाळाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसू शकते. ते उभे चार भाग करूनच द्यावे, बेदाणे भिजवून कुस्करावेत, आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिरमुरे, भडंग पाच वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. केळ्याचीही गोल चकती देऊ नये. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ हाताने खाऊ लागले की केळे बोटाएवढे लांब तुकडे करून द्यावे, ते हिरड्यांनी दाबले की विरघळते.

बाळ खोकते, ओकारी काढते, लाल होते, तेव्हा ते स्वतःच अन्न पुढे आणत असते. त्या वेळी त्याच्या तोंडात बोट घालू नये. आवाज बंद झाला, रडताही येत नाही आणि ओठ निळे पडू लागले, तर ते अडकणे समजावे. बाळाला डोके खाली येईल असे हाताच्या पुढच्या भागावर पालथे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, आणि पदार्थ बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे वाचून समजत नाही, लसीकरणाला गेलात की परिचारिकेकडून एकदा करून पाहावे.

१०. शी, डाग आणि शिळे अन्न

केळे सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या दुपट्यात मला बारीक काळे दोरे दिसले आणि ते जंत आहेत अशी खात्री पटून मी दुपट्याची घडी पिशवीत घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एकदा पाहिले आणि विचारले, "काल केळं दिलं होतं का?" केळ्याच्या मधल्या भागातील तंतू पचत नाहीत आणि काळ्या दोऱ्यांसारखे बाहेर पडतात. लोहाच्या औषधाने शी काळपट होते, नाचणीने तपकिरी. शीमध्ये रक्त किंवा आव दिसली, किंवा शी पांढरट झाली, तर मात्र थांबू नये. पोट घट्ट झाल्यास जेवणासोबत उकळून गार केलेले पाणी चार-पाच चमचे द्यावे आणि दोन दिवस केळ्याऐवजी पिकलेली पपई द्यावी.

कुस्करलेल्या केळ्याचा डाग आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग जात नाही. लाळेरे लगेच गार पाण्यात टाकावे, गरम पाण्याने डाग पक्का होतो.

बाळाच्या उष्ट्या वाटीतील खीर पुन्हा वापरू नये. पातेल्यातील खीर उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवावी, नाहीतर त्यात ताक आणि मीठ घालून मोठ्यांनी तिची अंबील करून प्यावी. आमच्याकडे ती माझ्या वाट्याला येते.